पेनीचा दिवा

ऋण हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें सावकाराची ओसरी, लाल कापडांत बांधलेली वही आणि गहाण पडलेला दागिना येतो. अशा ऋणांत घेणारा व देणारा समोरासमोर बसलेले असतात, आणि रक्कम कितीहि जाचक असली तरी ती ऋणकोला ठाऊक असते. परंतु गेल्या दोनशें वर्षांत यंत्रयुगानें ऋणाचा एक निराळाच प्रकार निर्माण केला आहे. येथें कोणी कर्ज मागत नाहीं, कोणी तें मोजून देत नाहीं. घरांत दिवा लागतो, चूल पेटते, खोली ऊबदार होते. आणि कांहीं महिन्यांनीं एक कागद येऊन सांगतो कीं, तुम्ही इतक्या रकमेचे देणेदार झालां आहां. मिळकत तुटपुंजी असली म्हणजे हा कागद घराचा सारा हिशेब उलथून टाकतो. या ऋणाचा इतिहास पाहावयाचा तर ज्या देशांत गॅसचा धंदा प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, त्या इंग्लंडाकडे वळलें पाहिजे.

दगडी कोळशाचा एक गुण असा कीं, तो डोळ्यांना दिसतो. कोपऱ्यांतील ढीग ओसरूं लागला म्हणजे गृहिणी सावध होते व हात आखडून शेगडी पेटविते. सीबोम राउंट्री यांनीं १८९९ सालीं यॉर्क शहरांतील गरिबांची पाहणी केली व १९०१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. नवरा, बायको व तीन मुलें यांना केवळ देह धरून राहण्यास आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांचा हिशेब होता. त्यांत अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, कपड्यांना २ शिलिंग ३ पेन्स, जळणाला १ शिलिंग १० पेन्स आणि उरलेल्या सर्व गोष्टींना अवघे १० पेन्स धरलेले होते. वर्तमानपत्राला किंवा आगगाडीच्या भाड्याला या हिशेबांत जागाच नव्हती. जळणाचा वांटा एकंदर खर्चाच्या सुमारें बाराव्या हिश्शाएवढा होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. पुढें मॉड पेंबर रीव्ह्ज यांनीं लंडनच्या लॅम्बेथ भागांतील मजुरांच्या घरांचे जमाखर्च गोळा करून १९१३ सालीं प्रसिद्ध केले. गरिबाला कोळसा थोडाथोडा घ्यावा लागतो आणि म्हणून श्रीमंताहून महाग पडतो, हें त्यांतून स्पष्ट दिसलें. मात्र हा खर्च जाचक असला तरी अनपेक्षित नव्हता. कोळसा संपला कीं तो संपल्याचें दिसत असे.

गॅसनें हें दृश्यपण नाहींसें केलें. विल्यम मर्डॉक यांनीं १७९२ सालीं रेडरुथ येथील आपलें घर कोळशाच्या गॅसनें उजळलें आणि १८१२ सालीं लंडनमध्यें गॅस पुरविणारी पहिली मोठी कंपनी सनद घेऊन स्थापन झाली. पुढील अर्धशतकांत हा दिवा रस्त्यांवर, दुकानांत व सधनांच्या दिवाणखान्यांत पसरला; आमच्या मुंबईच्या रस्त्यांवरहि तो १८६५ सालीं लागला. परंतु इंग्लंडांतील मजुराच्या खोलींत तो शिरूं शकला नाहीं. कारण साधें होतें. कंपनीचें बिल तिमाही येई, आणि मजुराची मजुरी आठवड्याची असे. आठवड्याच्या पैशांवर चालणाऱ्या घरांत तीन महिन्यांची रक्कम एकदम कोठून निघावी? कंपनीलाहि त्याचा भरंवसा वाटत नसे.

ही अडचण एका यंत्रानें सोडविली. १८८० नंतर विजेचा दिवा पुढें आला व गॅस कंपन्यांना आपलें सधन गिऱ्हाईक हातचें जाण्याची धास्ती पडली. त्यांना नवीं गिऱ्हाइकें हवीं होतीं, आणि तीं गरिबांतच मिळण्याजोगीं होतीं. बर्मिंगहॅमचे ब्राउनहिल यांनीं १८८७ सालीं नाणें टाकून चालणाऱ्या मीटरचा हक्क नोंदविला. १८९२ पासून दक्षिण लंडनांतील साउथ मेट्रोपॉलिटन कंपनीनें असे मीटर घरोघर बसविण्यास आरंभ केला. फटींत पेनी टाकावी, मूठ फिरवावी, तेवढ्या पेनीचा गॅस वाहील, आणि तो संपतांच झडप आपोआप मिटेल, अशी ही युक्ति होती. अनामत नको, जामीन नको. चूलसुद्धां कंपनीच देई. थोड्याच वर्षांत लाखो मजुरांच्या घरीं गॅसची चूल आली. ठराविक दिवशीं कंपनीचा माणूस येऊन मीटरची पेटी उघडी व स्वयंपाकघराच्या टेबलावर पेन्यांचे ढीग रचून मोजी. मीटर मुद्दाम चढ्या दरावर लावलेला असल्यामुळें कांहीं पेन्या परत मिळत. त्या परताव्याची वाट मुलेंबाळें उत्सुकतेनें पाहत.

या यंत्राची थोरवी कमी लेखण्याचें कारण नाहीं. शेगडी पेटविणें, राख उपसणें, कोळसा वाहून आणणें या कष्टांतून त्यानें अनेक स्त्रियांना सोडविलें. शिवाय ज्या घरीं असा मीटर होता त्या घरीं गॅसचें कर्ज होणेंच अशक्य होतें. परंतु या सोयीची एक किंमत होती, आणि ती जमाखर्चाच्या वहींत उमटत नसे. मीटरची, चुलीची व नाणीं गोळा करणाऱ्या माणसाची रक्कम दरांतच मिळविलेली असल्यामुळें गरिबाला तोच गॅस अधिक दरानें पडे. आणि ज्या संध्याकाळीं घरांत पेनी नसे, त्या संध्याकाळीं घर अंधारांत बसे. पूर्वीं थकबाकीसाठीं जोडणी तोडावयाची तर कंपनीला नोटीस द्यावी लागे, माणूस पाठवावा लागे, लोकापवाद सोसावा लागे. आतां तें काम एक झडप करूं लागली. त्या अंधाराची नोंद कोणत्याच दप्तरांत होत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललें. १९४८ सालीं वीज व १९४९ सालीं गॅस हे दोन्ही धंदे राष्ट्राच्या मालकीचे झाले. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर पसरलेल्या विषारी धुक्यानें हजारो माणसांचे प्राण घेतले व १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळशाची शेगडी मागें पडली. नगरपालिकांनीं बांधलेल्या नव्या घरांत गॅसची किंवा विजेची ऊब आली. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले आणि पाठोपाठ इंधनाचे दरहि चढले. विजेवर तापणाऱ्या घरांत राहणाऱ्या भाडेकऱ्यांना तेव्हां आपल्या ऊबेची खरी किंमत कळली. त्यांत तिमाही बिल बहुधा अंदाजावर काढलेलें असे. मीटर वाचणारा आला तेव्हां घराला कुलूप असलें कीं मागील वापरावरून आंकडा लिहीत. अंदाज कमी असला तर पुढें केव्हां तरी मीटर वाचला जाई व सारी तूट एकाच बिलांत उभी राही. अशा बिलांत घरच्या उधळपट्टीपेक्षां हिशेबाच्या पद्धतीचा दोष पुष्कळदा मोठा असतो.

१९७६ सालीं धंद्यानें आचारसंहिता स्वीकारली. थकबाकी हप्त्यांनीं फेडूं द्यावी, आणि ज्या वृद्ध निवृत्तांना बिल भरणें खरोखर अशक्य आहे त्यांची जोडणी ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत तोडूं नये, असें तींत ठरलें. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांच्या साहाय्यांतून ठराविक रक्कम परस्पर कापून कंपनीला देण्याची व्यवस्थाहि त्याच दशकांत झाली. अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपली म्हण आहे. परंतु अंथरूणच आखूड असेल आणि रात्र हिंवाळ्याची असेल, तर पाय किती आखडावे यालाहि मर्यादा असते, हें इंग्लंडानें या संहितेनें प्रथमच लेखी मान्य केलें.

१९८६ सालीं गॅस व १९९० सालीं वीज पुन्हां खासगी हातीं गेली. नाण्याच्या मीटरची जागा किल्ली व कार्ड यांनीं घेतली. त्यांत एक नवी सोय होती: जुनी थकबाकी मीटरमध्येंच भरून ठेवतां येई. ऋणको दुकानांत जाऊन किल्लींत दहा पौंड भरून आणी. त्यांतून आधीं अंधाऱ्या दिवसांचा सुद्धां स्थिर आकार कापला जाई, मग जुन्या कर्जाचा हप्ता, आणि उरेल त्याची वीज मिळे. जोडण्या तोडल्याचे आंकडे झपाट्यानें खालीं आले व कंपन्यांनीं त्याचा अभिमान मिरविला. परंतु त्याच काळांत संशोधकांनीं एक शब्द रूढ केला, त्याचा अर्थ ‘आपली जोडणी आपणच तोडणें’. किल्लींत भरावयास पैसे नाहींत म्हणून अंधारांत बसलेल्या घराचें तें नांव. १९९१ सालीं ब्रेन्डा बोर्डमन यांनीं आपल्या ग्रंथांत ‘इंधन-दारिद्र्याची’ कसोटी मांडली: पुरेशी ऊब राखण्यास मिळकतीचा दहावा हिस्सा किंवा अधिक खर्चावा लागतो, तें कुटुंब या दारिद्र्यांत आहे. राउंट्रींचा बारावा हिस्सा येथें वाचकांस आठवेल. एका शतकांत दिवे बदलले, यंत्रें बदललीं. गरिबाच्या हिशेबांतील जळणाची जागा मात्र फारशी बदलली नाहीं.

याच सुमारास इंग्लंड व वेल्स येथें एक लक्षणीय गोष्ट घडली. थकबाकीसाठीं राहत्या घराचें पाणी तोडूं नये, असा कायदा १९९९ सालीं झाला. पाण्याची थकबाकी माफ झाली नाहीं; ती वसूल करण्याचे इतर मार्ग मोकळे राहिले. फक्त नळ हें वसुलीचें हत्यार राहिलें नाहीं. दिवा व ऊब यांना हा न्याय मिळाला नाहीं. २००० सालीं इंधन-दारिद्र्य शक्य तितकें नष्ट करण्याचा कायदा झाला, त्याची मुदत उलटून गेली, आणि २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धाबरोबर पुन्हां भाव भडकले. मध्यम वापराच्या कुटुंबासाठीं ठरविलेली दरमर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्यें वर्षाला १२७७ पौंड होती; ती एप्रिल २०२२ मध्यें १९७१ व त्या ऑक्टोबरांत ३५४९ पौंड ठरली. सरकारनें पदरचे पैसे घालून ती सुमारें २५०० पौंडांवर रोखली, तरीहि वर्षापूर्वींच्या जवळजवळ दुप्पट आंकडा घरोघर पोंचला. २०२३ च्या अखेरीस घरगुती थकबाकी ३ अब्ज पौंडांच्या वर गेली होती.

तेव्हां जुनें यंत्र पुन्हां बाहेर निघालें. १९५४ च्या एका कायद्यानें कंपन्यांना मॅजिस्ट्रेटचें वॉरंट घेऊन घरांत शिरण्याचा अधिकार दिला होता. त्या आधारें कर्जदारांच्या घरीं सक्तीनें किल्लीचे मीटर बसविले जात, आणि एकेका न्यायालयांत अशीं वॉरंटें गठ्ठ्यांनीं मंजूर होत. फेब्रुवारी २०२३ मध्यें वर्तमानपत्रांनीं हा प्रकार उघडकीस आणला. मुलाबाळांच्या व आजाऱ्यांच्या घरांचींहि कुलपें उघडलीं गेल्याचें लोकांस कळलें आणि त्याच महिन्यांत न्यायालयांनीं अशीं वॉरंटें थांबविलीं. नंतर नियम कडक झाले व सक्ति मर्यादित स्वरूपांत पुन्हां सुरू झाली. एकशेंतीस वर्षांपूर्वीं जें यंत्र गरिबाच्या सोयीसाठीं म्हणून त्याच्या घरीं आलें, तेंच आतां दार फोडून आंत येत होतें.

या इतिहासांत ऋणको केवळ असहाय होता असें नव्हे. त्या देशांतील जुन्याजाणत्या सल्लागारांचा उपदेश साधा आहे आणि तो कोठल्याहि संसाराला लागू पडेल. आलेला कागद न उघडतां ठेवूं नये. बिलांतील आंकडा प्रत्यक्ष वाचलेला आहे कीं अंदाजाचा, हें प्रथम पाहावें व मीटर स्वतः वाचावा. कंपनीच्या चुकीमुळें राहून गेलेली, बारा महिन्यांपूर्वींच्या वापराची रक्कम मागतां येत नाहीं, असा नियम तेथें २०१८ पासून झाला. तो माहीत नसल्यामुळें कित्येकजण न लागणारें देणें मान्य करून बसत. हप्ता कंपनीच्या घाईवरून ठरवूं नये. घरांत अन्न व भाडें वजा जातां जें उरतें त्यावरून तो ठरावा. न झेपणारा मोठा हप्ता कबूल करून दोन महिन्यांत मोडण्यापेक्षां लहान हप्ता नेमानें देणें बरें. आणि एकट्यानें सोसूं नये: १९३९ सालीं युद्धाच्या पहिल्याच दिवसांत निघालेलीं नागरिक-सल्ला केंद्रें आजवर हेंच काम करीत आलीं आहेत. लाजेपायीं गेलेले महिनेच बहुधा कर्जाला असाध्य करतात.

हा प्रश्न आतां आपल्याहि उंबरठ्यावर आला आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें देशभर २५ कोटी आगाऊ पैशाचे मीटर बसविण्याची योजना आंखली. महाराष्ट्रांत तिला मोठा विरोध झाला, आणि सर्वसामान्य घरगुती ग्राहकांच्या घरीं असे मीटर बसविणार नाहीं असें जून २०२४ मध्यें राज्य सरकारतर्फे जाहीर करण्यांत आलें. वाद बहुतेक मीटरच्या वेगाविषयीं व दराविषयीं झाला. इंग्लंडाचा इतिहास त्याहून खोल प्रश्न विचारतो. आगाऊ पैसे घेणारें यंत्र कंपनीच्या वहींतील थकबाकी पुसूं शकतें, हें निर्विवाद आहे. पण ज्या रात्रीं त्या यंत्रांत घालावयास पैसा नसेल, त्या रात्रीं त्या घराचा अंधार कोणाच्या वहींत लिहिला जाणार? थकबाकी ही निदान मोजतां येते, तिच्यासाठीं कोणाला तरी दारावर येऊन बोलावें लागतें, आणि दारावर आलेल्या माणसाला घरांतील लहान मूल दिसतें. मिटलेली झडप असें कांहींच पाहत नाहीं. यंत्र कोणतेंहि बसवावें. त्यानें किती घरें किती रात्री अंधारांत ठेवलीं, याची मोजदाद ठेवण्याचें बंधन मात्र त्याच्याबरोबरच बसविलें पाहिजे.