चौकाकडे तोंड केलेला किल्ला

१३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने ससेक्समधील सर एडवर्ड डॅलिनग्रिज या सरदारास एक परवाना दिला. समुद्रापासून जवळच असलेल्या बोडियम येथील आपल्या वाड्यास दगडचुन्याचा तट घालावा, त्यावर चर्या उभाराव्यात आणि आसपासच्या मुलखाच्या रक्षणासाठी त्याचा किल्ला करावा, असा त्याचा आशय. कारणही सबळ होते. १३७७ मध्ये फ्रेंचांनी राय हे बंदर जाळले होते. १३८० मध्ये विंचेल्सीची तीच गत झाली होती. डॅलिनग्रिजने मात्र जुना वाडा मजबूत करण्याऐवजी रॉदर नदीच्या खोऱ्यात वेगळी जागा निवडली आणि तेथे पाण्याने वेढलेली सर्वस्वी नवी वास्तू उभी केली. परवान्यातील शब्द आणि प्रत्यक्ष इमारत यांच्यातील हे अंतर वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये, असे आम्हांस वाटते. प्रस्तावनेत जाहीर केलेला हेतू आणि हाती पडलेली कृती यांच्यातील तफावत आपल्या नित्य परिचयाचीच आहे.

बोडियमला बालेकिल्ला नाही. पूर्वीच्या नॉर्मन किल्ल्यांत सर्व सत्ता एका उंच, जाड भिंतींच्या मनोऱ्यात एकवटलेली असे. येथे ती चारही बाजूंना पसरली आहे. चार कोपऱ्यांत चार गोल बुरूज, प्रत्येक भिंतीच्या मध्यावर चौकोनी बुरूज किंवा दरवाजा, भिंतींना आतून चिकटून दालनांच्या रांगा आणि मध्ये मोकळा चौक. 'चौसोपी' हा शब्द मराठी वाचकास येथे सहज आठवेल, आणि तो फारसा चुकीचाही ठरणार नाही.

उत्तरेच्या महादरवाजातून आत आलेल्या पाहुण्यास चौकापलीकडे, अगदी समोर, मुख्य दिवाणखान्याचे दार दिसे. त्या दारातून आत शिरताच एका हातास तीन कमानी : एक कोठीची, एक पेयांच्या खोलीची आणि मधली स्वयंपाकघराकडे नेणारी. दुसऱ्या हातास दिवाणखाना आणि त्यापलीकडे धन्याची खाजगी दालने. पूर्वेच्या रांगेत प्रार्थनामंदिर. पश्चिमेस चाकर-शिपायांसाठी निराळा दिवाणखाना व निराळे स्वयंपाकघर. चौक ओलांडून कोणास कोठवर जाता येई, यावरून त्याची पायरी ठरे. १९६३ साली पॅट्रिक फॉकनर यांनी चौदाव्या शतकातील किल्ल्यांच्या रचनेवर लिहिलेल्या निबंधात ही आतली व्यवस्था बारकाईने उलगडून दाखविली. त्याआधी, १९४६ मध्ये, डग्लस सिम्पसन यांनी अशा विभागणीत निराळाच अर्थ पाहिला होता : पगारी सैनिकांवर विश्वास नसलेला धनी स्वतःच्याच घरात स्वतःला तटबंद करून घेतो आहे. भिंत एकच, एकास तिच्यात भीती दिसली, दुसऱ्यास घरकारभार.

पुढे शंका तटबंदीबद्दलच निघाली. १९८६ मध्ये डी. जे. टर्नर यांनी हा खरा किल्ला की म्हाताऱ्या शिपायाचे स्वप्नातले घर, असा प्रश्न उघडच विचारला, आणि १९९२ मध्ये चार्ल्स कूलसन यांनी बोडियमच्या लष्करी दाव्याची जवळजवळ उलटतपासणीच केली. खंदकाचे पाणी ज्या मातीच्या बांधाने अडविले आहे तो फोडला की खंदक रिकामा. प्रार्थनामंदिराची मोठी खिडकी थेट बाहेरच्या तटात. १९८८ च्या भूसर्वेक्षणात तर भोवतीची तळी, वळणे घेत येणारी वाट आणि वरच्या चढावर किल्ला न्याहाळण्यासाठी केलेली सपाट जागा, असा सारा देखावा मुद्दाम रचलेला आढळला. पाण्यात दुप्पट दिसणारा किल्ला पाहत पाहत पाहुण्याने आत यावे, अशी ही योजना.

तरीही 'युद्ध की दिखावा' हा पर्याय आम्हांस तोकडा वाटतो. दरवाजाजवळच्या बुरुजांत बंदुकांसाठी केलेल्या जंग्या आहेत, आणि बंदूक त्या काळी नवलाईची वस्तू होती. त्याच दरवाजावर डॅलिनग्रिजच्या घराण्याची व नात्यातल्या घराण्यांची कुलचिन्हे कोरलेली आहेत. यांतले वॉर्डू घराणे म्हणजे त्याच्या पत्नीचे. जहागीर तिच्याकडूनच आलेली. मागच्या दिंडीवर सर रॉबर्ट नोल्स या सेनानीचे चिन्ह आहे, ज्याच्याबरोबर डॅलिनग्रिज फ्रान्सच्या लुटीत सामील होता. अशा माणसाला शस्त्र आणि चिन्ह यांत फरक तो काय वाटणार? यॉर्कशरमध्ये याच सुमारास असाच चौकोनी बोल्टन किल्ला बांधणारा रिचर्ड स्क्रूप पाहा. गवंडी जॉन ल्यूइन याच्याशी त्याचा करार १३७८ चा. हाच स्क्रूप पुढे निळ्या ढालीवरील एका सोनेरी तिरप्या पट्ट्यासाठी रॉबर्ट ग्रोव्हनरशी वर्षानुवर्षे भांडला, आणि १३८६ मध्ये त्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत कवी चॉसरही होता. ढालीवरचा पट्टा ज्यांना जमिनीइतकाच खरा, त्यांच्या चर्यांना नुसता दिखावा म्हणणे हा आपल्या काळाचा उर्मटपणा झाला.

बोडियमच्या वाचनात एक अडचण मात्र खरीच आहे. बहुधा सतराव्या शतकातील यादवीच्या काळात आतील दालने उद्ध्वस्त झाली आणि बाहेरचा तट जवळजवळ अभंग राहिला. त्यामुळे छायाचित्रांत दिसतो तो किल्ल्याचा बाहेरचा चेहराच. पहिल्या महायुद्धाच्या काळात ही वास्तू लॉर्ड कर्झनने विकत घेतली, खंदक उपसून घेतला, पडझड सावरली आणि १९२५ साली मृत्यूसमयी ती नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. बंगालची फाळणी करणारा आणि १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणणारा हाच तो व्हाइसरॉय. किल्ल्यावरील त्याचे पुस्तक त्याच्या पश्चात, १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने भिंती राखल्या, आतली घरे पुन्हा बांधली नाहीत, हे आमच्या मते त्याचे शहाणपणच. आज चौकात हिरवळ आहे. दक्षिणेकडे दिवाणखान्याचे छप्पर नाही, पण त्या तीन कमानी उभ्या आहेत, आणि त्यांच्यामागे स्वयंपाकघरातील प्रचंड चुलाणे.