अनुदानातील ‘अनु’: मुंबई इलाख्यातील शाळा-साहाय्याच्या वाटपाचा इतिहास

शासनाने शाळांस द्यावयाच्या द्रव्यास आज आपण ‘अनुदान’ म्हणतो. हा शब्द आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्या घटनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘अनु’ या उपसर्गाचा एक मुख्य अर्थ ‘मागोमाग’, ‘मागाहून’ असा आहे. तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने अनुदान म्हणजे कोणाच्या तरी मागोमाग दिलेले दान. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता किंवा नव्हता, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. इतिहासात मात्र ही पद्धती नेमकी तशीच चालली. आधी कोणी तरी पैसा उभा करावयाचा आणि मग सरकारने त्यास जोड द्यावयाची, असा तिचा क्रम होता. ज्यांच्यापाशी आधी देण्यासारखे काहीच नव्हते, त्यांच्या मुलांचे या क्रमात काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अव्वल इंग्रजीत पुण्याकडे विद्येप्रीत्यर्थ खर्च होणारा सरकारी पैसा हा मुख्यतः पेशव्यांच्या दक्षिणेचा अवशेष होता. इ. स. १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, ती याच निधीच्या आधारे. दक्षिणा ही पात्र व्यक्तीस द्यावयाची असे आणि पात्रता जातीने व शास्त्राध्ययनाने ठरे. इ. स. १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृती मंडळींनी या निधीचा काही अंश मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वळवावा असा अर्ज केला व त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. जोतीराव फुले या अर्जाच्या पाठीशी उभे होते. सार्वजनिक पैशावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात या वादाने प्रथमच उघडपणे विचारला गेला.

इ. स. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दक्षिणेची कल्पना मागे टाकून ‘ग्रँट-इन-एड’ची पद्धती आणली. या खलित्यात दोन विचार शेजारी शेजारी नांदतात. ज्या बहुजनसमाजास स्वतःच्या बळावर नाव घेण्याजोगे शिक्षण मिळविणे सर्वथा अशक्य आहे, त्याच्यापर्यंत उपयुक्त ज्ञान पोहोचविणे हे सरकारचे कर्तव्य होय, असे तो एकीकडे सांगतो. दुसरीकडे, साहाय्य मिळू इच्छिणाऱ्या शाळेस स्थानिक चालक हवेत, सरकारी तपासणी मान्य हवी व मुलांकडून थोडी तरी फी घेतली जावी, अशा अटी तो घालतो. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, ही त्यामागील समजूत. कर्तव्य असमर्थांविषयीचे सांगितले आणि साधन समर्थांस सोयीचे निवडले, अशी ही विसंगती होती.

ती लवकरच अनुभवास आली. इ. स. १८५९ मध्ये लॉर्ड स्टॅन्ले यांच्या खलित्याने प्रांजळपणे मान्य केले की, देशी भाषांतील प्राथमिक शाळांकरिता ही पद्धती उपयोगी पडत नाही. खेड्यातून वर्गणी गोळा करीत हिंडणे अधिकाऱ्यांस शोभत नाही व गरिबांना ती झेपतही नाही. यावर त्यांनी उपाय सुचविला तो जमिनीवर सक्तीची पट्टी बसविण्याचा. मुंबई इलाख्यात इ. स. १८६३ पासून जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आण्याचा ‘लोकल फंड सेस’ घेण्यास प्रारंभ झाला व इ. स. १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के रूप आले. त्यातील एक-तृतीयांश रक्कम शाळांकडे जावयाची होती. मराठी खेड्यातील शाळेस नियमित उत्पन्नाचे मूळ असे प्रथम लाभले, आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून आले.

येथे वाटपाचा खरा प्रश्न उभा राहिला. पैसा एका वर्गाकडून जमा होऊन दुसऱ्यावर खर्च होतो, ही फुल्यांची मुख्य तक्रार होती. इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखविले की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा रयतेच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. इलाख्यातील नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लक्ष मुलांकरिता, प्राथमिक शिक्षणाची काहीही सोय नाही, हा आकडा त्यांनी पुढे ठेवला व निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. उच्च शिक्षण झिरपत खाली येईल, या तत्कालीन सिद्धान्तावर हा हिशेबाच्या अंगाने केलेला हल्ला होता.

आयोगाने या तक्रारीची अंशतः दखल घेतली. स्थानिक निधीवर प्राथमिक शिक्षणाचा हक्क मानावा, तसेच नगरपालिका व ग्रामीण मंडळे यांचे शालेय निधी वेगळे ठेवावेत, म्हणजे खेड्याचा पैसा शहराकडे जाणार नाही, असे त्याने सुचविले. पण प्रांतिक सरकारची मदत किती असावी याचे जे प्रमाण आयोगाने सांगितले, ते स्थानिक उत्पन्नाच्या निम्मे, किंवा एकूण खर्चाच्या एक-तृतीयांश, असे होते. या प्रमाणाचा अर्थ साध्या गणिताने कळतो. समजा, एका भागात एक हजार रुपये उभे राहिले व दुसऱ्यात शंभर. मदत मिळून पहिल्यापाशी दीड हजार होतील आणि दुसऱ्यापाशी दीडशे. आधी नऊशे रुपयांचे असलेले अंतर मदतीनंतर साडेतेराशेंचे होते. प्रमाण दोघांस सारखेच लाविले, यास्तव कोणावर अन्याय झाला असे कागदावर दिसत नाही.

‘फलानुसार वेतन’ या पद्धतीचेही असेच झाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या इ. स. १८६२ च्या नियमावलीने ती रूढ केली आणि त्याच दशकात मुंबई इलाख्याने तिचे अनुकरण केले. परीक्षकापुढे जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेस पैसा मिळे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती तेथील मूल शाळेस अनुदान मिळवून देई. सुगीच्या दिवसांत शेतावर राबणारे मूल मात्र शाळेच्या दृष्टीने तोट्याचे ठरे. इंग्लंडात एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी व हिंदुस्थानात विसाव्याच्या प्रारंभी ही पद्धती मागे पडली.

निधीवाटपाच्या अटींत जातिभेदाचा प्रश्नही गुंतलेला होता. इ. स. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. एका व्यक्तीसाठी इतरांना शाळा निरुपयोगी होण्याचा धोका पत्करणे योग्य नव्हे, असे सांगून मुंबई सरकारने तो नाकारला. त्यावर वरिष्ठ पातळीवर चर्चा झाली आणि इ. स. १८५८ मध्ये सरकारने आपले धोरण प्रसिद्ध केले. ज्यांचा संपूर्ण खर्च सरकार करते त्या शाळा सर्व वर्गांस खुल्या राहतील, असे त्यात म्हटले होते. ज्या शाळांस अंशतः मदत मिळते त्यांनी जातीमुळे कोणास वगळले, तर मदत नाकारण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला. या दोन वाक्यांतील क्रियापदांचा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात केवळ मुभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ. स. १९२८ मध्ये सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात या प्रकरणाचा जो परामर्श घेतला, तो या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे.

फीचा व प्रमाणाचा प्रश्न विसाव्या शतकात नव्याने मांडला गेला. बडोद्यात सयाजीरावांनी इ. स. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व इ. स. १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इ. स. १९१० च्या आपल्या ठरावात खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सरकारने उचलावा अशी सूचना केली. पुढील वर्षीच्या विधेयकात, ज्यांचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही अशा पालकांकडून फी घेऊ नये, अशी तरतूद होती. उत्पन्नाची मर्यादा रुपयांत सांगून मुलाचा हक्क ठरविण्याची ही रीत पुढे आपल्याकडे दृढ झाली. विधेयक इ. स. १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी इ. स. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि इ. स. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांस एकाच शाळेत आणले.

मुंबई इलाख्याच्या इ. स. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या योजनेच्या वाढीव खर्चापैकी नगरपालिकांस निम्मा व जिल्हा लोकल बोर्डांस दोन-तृतीयांश भाग देण्याचे ठरविले. ग्रामीण भाग गरीब म्हणून त्यास अधिक, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मान्य झाले. तरीही उरलेला तृतीयांश बोर्डाने प्रथम उभा करावयाचाच होता. इ. स. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना आंबेडकरांनी दाखविले की, सरकार शिक्षणावर दरडोई अवघे चौदा आणे खर्च करते आणि अबकारीच्या रूपाने मात्र दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जितके घेता तितके तरी शिक्षणावर परत द्या, ही त्यांची मागणी फुल्यांच्याच हिशेबाचा पुढला आकडा होती.

स्वातंत्र्योत्तर काळात मोफत व सक्तीचे शिक्षण राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात आले. कोठारी आयोगाने इ. स. १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे लक्ष्य सांगितले. तथापि वाटपातील जुना क्रम पुरता गेला नाही. महाराष्ट्रातील ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग याची साक्ष देतो. इ. स. २००९ मध्ये शासननिर्णयाने त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला. एका विशेषणाच्या लोपाने शेकडो शाळांचा दर्जा पालटला, आणि मग अनुदान वीस टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने येऊ लागले. मधल्या काळात शिक्षकांनी बिनपगारी वा तुटपुंज्या पगारावर शिकविले. म्हणजे आधीचा वाटा या वेळी त्यांनी भरला.

त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या १२ (१) (क) या कलमाने खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेविल्या. अशा मुलामागे शासनाचा दरडोई खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी असेल तिची ‘प्रतिपूर्ती’ होते. पैसा मुलाच्या पाठोपाठ जावा, ही कल्पना येथे नवी आहे. पण प्रतिपूर्ती हीसुद्धा मागाहूनच मिळावयाची गोष्ट होय. ती रेंगाळली की तिचा भार शाळा मुलावरच ढकलू पाहते.

या दीर्घ इतिहासात सरकारी मदतीचा आकडा अनेकदा वाढला. फी, उत्पन्न, परीक्षाफल, स्थानिक कर अशी वाटपाची गमकेही बदलली. परंतु आधी कोणी भरावयाचे, या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या वेळा बदलले. ज्या ज्या वेळी ते बदलले, जसे कोल्हापुरात किंवा बडोद्यात, त्या वेळी शाळेत येण्यापूर्वी मुलाने वा त्याच्या गावाने आपली ऐपत सिद्ध करावी ही अट काढून टाकलेली दिसते. शिक्षणावरील कोणत्याही नव्या तरतुदीचे परीक्षण करताना अभ्यासकांनी एकूण रकमेआधी ही अट पाहावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.