मालमत्ता कराच्या बिलातली शाळा

संपादक मंडळाने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर लिहायला सांगितले. सिंकिंग फंड, लिफ्टचा खर्च, रंगकाम हे सगळे अहवालांत छापून आलेले आहे आणि ते पुन्हा वाचायला कुणाला आवडणार नाही. मी त्यातली एकच ओळ घेतो. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली, तेव्हापासून एकही वर्ष असे गेले नाही की आपण शाळा चालवायला पैसे दिले नाहीत. पुष्कळ सभासदांना हे ऐकून नवल वाटेल.

महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल सहामाही येते. आपण त्याची शेवटची रक्कम बघतो आणि चेक फाडतो. वरचे रकाने कोण वाचतो? मी बँकेत आयुष्य घालवले, त्यामुळे रकाने वाचायची खोड आहे. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, वृक्ष उपकर, पथ कर. आणि यांच्या मधोमध दोन ओळी: महापालिका शिक्षण उपकर आणि राज्य शिक्षण उपकर. पहिला पालिकेच्या शिक्षण खात्यासाठी. दुसरा १९६२ च्या कायद्याचा, पालिका तो आपल्याकडून गोळा करते आणि सरकारकडे भरते.

या दोन ओळींवरून आपल्याकडे २०२२ च्या एजीएममध्ये केवढा गदारोळ झाला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची करमाफी तेव्हा ताजी होती. त्याआधी २०१९ मध्ये माफी आली ती फक्त सर्वसाधारण कराची. ए विंगमधले लोक बिल शून्य येणार म्हणून वाट बघत होते आणि हातात पडले ते शिक्षण उपकरासह बाकी सगळ्या रकान्यांचे बिल. मग १ जानेवारी २०२२ ला पूर्ण माफी जाहीर झाली, सोळा लाखांहून अधिक कुटुंबांना तिचा लाभ होईल असे सांगितले गेले. आपल्या ए विंगची छोटी घरे त्यात बसली, बी विंगची मोठी घरे बसली नाहीत.

बी विंगमधले एक सभासद उभे राहिले. (नाव लिहीत नाही, ते रोज सकाळी तलावावर माझ्याबरोबर फिरायला असतात.) म्हणाले, "काका, म्हणजे आता शाळेचे पैसे फक्त आम्हीच भरायचे? आणि आमची मुले कुठे जातात हो त्या शाळेत?" ए विंगमधून लगेच उत्तर आले, "आमची तरी कुठे जातात?" आणि ते खरेच होते. त्या सभागृहात बसलेल्या एकाही कुटुंबाचे मूल महापालिकेच्या शाळेत नव्हते. मी तेव्हा खजिनदार होतो. मी उपविधी वाचून दाखवला की मालमत्ता कर पालिकेने ज्या सदनिकेवर जसा आकारला तसाच वसूल करायचा, माफी सगळ्यांत वाटून घेता येत नाही. वाद हिशेबापुरता मिटला. पण त्या वर्षी गणपतीत दोन्ही विंगची माणसे वेगवेगळ्या कोपऱ्यांत खुर्च्या टाकून बसली, हेही खरे.

शाळा कुणाची आणि पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न मला मात्र सुटला नाही. निवृत्त माणसाला वेळ असतो. मी वाचत गेलो.

प्रश्न फार जुना निघाला. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे हेच होते, फक्त उलट्या बाजूने. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, लोकल फंडाची पट्टीही तीच भरते आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या मुलांकडे. आधी प्राथमिक शाळांना द्या, असे त्यांचे म्हणणे. स्वतः पुणे नगरपालिकेत सभासद म्हणून बसलेला माणूस हे सांगत होता, म्हणजे त्याला पालिकेचे जमाखर्च ठाऊक होते. आज आपल्या सोसायटीत तक्रार अशी की पट्टी भरतो आम्ही आणि शिकतात दुसऱ्यांची मुले. सव्वाशेहून अधिक वर्षांत तक्रारीची बाजू बदलली. महात्मा फुल्यांना हे ऐकून बरेच वाटले असते, असे आपले माझे मत.

मुंबईत १८८८ च्या पालिका कायद्याच्या ६१ व्या कलमात प्राथमिक शाळांचे काम पालिकेच्या कर्तव्यांत घातले गेले आणि १९०७ मध्ये कायदा बदलून ती जबाबदारी पुरती पालिकेवर आली. त्या काळी पालिकेला मत देण्याचा हक्क मुख्यतः कर भरणाऱ्यांना होता. १९२२ मध्ये तो महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूंपर्यंत पोचला आणि सर्व प्रौढांच्या मतावर पालिकेची पहिली निवडणूक झाली ती थेट १९४८ मध्ये. म्हणजे चाळीतल्या मुलांसाठी शाळा काढायची की नाही, हे कितीतरी वर्षे घरमालकांनी निवडलेली माणसे ठरवत होती. स्वतःच्या खिशातून दुसऱ्याच्या मुलासाठी! कामाला वेग नव्हता यात आश्चर्य नाही.

सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात आणला. त्यापूर्वी गोखल्यांचे विधेयक मध्यवर्ती कौन्सिलात पडले होते. पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना मुभा दिली: तुम्हीच ठराव करा, तुम्हीच पैसे उभे करा. त्यासाठी शिक्षणाची वेगळी पट्टी बसवता येत होती. आणि मुभा दिली की वाद आलाच. पुण्यात १९२० च्या सुरुवातीला तो असा पेटला की शहर दुभंगले. सक्ती फक्त मुलग्यांना की मुलींनाही? मुलींना धरले तर शाळा जास्त, मास्तर जास्त, पट्टी जास्त. पैसे पुरणार नाहीत, तेव्हा आधी मुलगे, असे म्हणणाऱ्यांत खुद्द लोकमान्य टिळक होते. दुसऱ्या बाजूला विठ्ठल रामजी शिंदे होते, आणि रमाबाई रानडे तर बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या. पारडे तेव्हा मुलग्यांकडेच झुकले. पैसे नाहीत हे कारण खरेही असते आणि सोयीचेही असते. कर्जाचे अर्ज मंजूर-नामंजूर करण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे मला त्यातला फरक थोडाफार कळतो.

मुंबई शहरासाठी १९२० मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी या दोन विभागांत शिक्षण सक्तीचे झाले. एफ आणि जी म्हणजे परळ, दादर, वरळी, माहीम. गिरण्यांचा मुलूख. माझे वडील तेव्हा सात वर्षांचे होते आणि परळच्या चाळीत राहत होते. आजोबांना त्यांना लवकर गिरणीत लावायचे होते. वडील सांगायचे, शाळेचा माणूस वही घेऊन चाळीत यायचा आणि पोरे मोजायचा. आजी त्यांना लपवायची आणि तो माणूस शोधून काढायचा. त्यामुळे वडील चौथीपर्यंत शिकले, गिरणीत पुढे हजेरी लिहायच्या कामावर लागले. मीही पालिकेच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढे हायस्कूल, पोदारला बी.कॉम. आणि बँक. आमच्या दोन पिढ्यांची फी कुणीतरी घरपट्टीतून भरली. कुणी, ते आम्हाला कधी कळले नाही आणि त्यांनाही आम्ही कधी दिसलो नाही.

आपली पवई या सगळ्यात उशिरा आली. पालिकेचा पवईशी संबंध आधी पाण्याचा. १८९१ च्या सुमारास तलाव बांधला गेला, पण पाणी पिण्याजोगे निघाले नाही. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये शहराची हद्द उपनगरांत सरकत मुलुंड-दहिसरला भिडली, तेव्हा हा भाग बृहन्मुंबईत गेला. १९५८ मध्ये आयआयटी स्थापन झाली. देशभरातली हुशार मुले पवईत शिकायला येऊ लागली, ती केंद्राच्या पैशावर. तिरंदाज, पासपोलीच्या मुलांसाठी होती ती पालिका. आपले टॉवर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उभे राहिले.

आता थोडे परदेशाचे सांगतो, कारण माझे डोळे तिथे उघडले. मुलगा न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडला राहतो. एकदा आम्ही मे महिन्यात तिकडे होतो. तिथे मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी लोक आपल्या भागातल्या शाळांच्या बजेटवर मतदान करतात. आमदार-खासदारांना नव्हे, थेट बजेटला हो किंवा नाही. आधी घरी पत्रक येते: खर्च किती, वाढ किती, घरपट्टीवर परिणाम किती. बजेट पडले तर शाळा मंडळाला जूनमध्ये पुन्हा विचारता येते. दुसऱ्यांदाही पडले तर घरपट्टीतून एक डॉलर जास्त मिळत नाही आणि मग खेळ, वाद्यवृंद, जादा शिक्षक यांवर कुऱ्हाड. २०११ च्या कायद्याने घरपट्टीच्या वाढीवर साधारण दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तिच्या पलीकडे जायचे तर १०० पैकी ६० मते हवीत.

मुलाच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. मी म्हटले, तुम्ही नाहीच म्हणणार, मुले तर केव्हाच मोठी झाली. ते म्हणाले, "मी दरवर्षी हो म्हणतो. शाळा बिघडली तर माझे घर कोण विकत घेईल?" मला हे फार आवडले. परोपकाराची भाषा नाही, सरळ व्यवहार. अर्थात या पद्धतीची काळी बाजूही आहे. श्रीमंत वस्तीची घरपट्टी मोठी म्हणून शाळा चांगली, गरीब वस्तीची फाटकी. कॅलिफोर्नियात तर १९७८ मध्ये लोकांनीच मतदान करून घरपट्टी बांधून टाकली आणि शाळांचा भार राज्याच्या तिजोरीवर गेला. आपल्या पालिकेचे मला त्यामानाने बरे वाटते. पवईचा पैसा पवईतच खर्च झाला पाहिजे असा नियम नाही. तो मानखुर्दलाही जातो.

पण शेजाऱ्याचे ते वाक्य आपल्याला लागू पडत नाही, तिथे घोटाळा आहे. आपल्या फ्लॅटची किंमत तलावाच्या देखाव्यावर ठरते, मेट्रोवर ठरते, खाजगी शाळा किती जवळ यावर ठरते. पालिकेच्या शाळेत मुलांना फळा दिसतो की नाही, याचा आपल्या किमतीशी काडीचा संबंध नाही. म्हणून आपण बघत नाही. २०१० पासून कर भाड्याच्या अंदाजावरून निघून भांडवली मूल्यावर बसला तेव्हा आपण सभा घेतल्या, हरकती लिहिल्या. कर किती यावर आपण हिरिरीने बोललो. तो जातो कुठे, हे एकदाही विचारले नाही.

पालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा असतो, त्याला 'ई' म्हणतात. २०२५-२६ चा तो ३,९५५ कोटींच्या घरात आहे. पालिकेचा एकूण आकडा ७४ हजार कोटींच्या वर. शिक्षण उपकरातून हा खर्च भागत नाही, बाकीचे पालिकेच्या मुख्य तिजोरीतून आणि सरकारी अनुदानातून येते. २०१७ च्या जुलैत जकात गेल्यापासून त्या तिजोरीत मालमत्ता कराचे महत्त्व वाढले आहे. पूर्वी हा 'ई' अर्थसंकल्प शिक्षण समितीपुढे यायचा, नगरसेवक भांडायचे, गणवेश उशिरा का, टॅब बंद का, मग सभागृहाची मंजुरी. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. त्यानंतरचे तीन अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. अधिकारी कामसू असतील, मी स्वतः अधिकारी होतो. पण आमच्या बँकेतही कर्ज सुचवणारा आणि मंजूर करणारा एकच असला तर ऑडिटर लाल शेरा मारायचा.

आपल्या गेटवर रात्री बसणाऱ्या वॉचमनची मुलगी पालिकेच्या मराठी शाळेत सातवीत आहे. परवा तिला विचारले तर शाळेतून दप्तर, वह्या, बूट मिळाले म्हणाली. गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी अजून कोणी आलेले नाही. एजीएममधल्या त्या बी विंगच्या सभासदांना मी हे तलावावर सांगितले. ते काही वेळ गप्प चालले, मग म्हणाले, "काका, आपण भरतो ना पैसे? मग बाई का नाहीत?" त्यांनी तोच प्रश्न एस विभागाच्या शिक्षण कार्यालयाला लिहिला आहे. पत्राखाली सोळा सह्या आहेत, नऊ बी विंगच्या आणि सात ए विंगच्या. 'ई' अर्थसंकल्पाची छापील प्रत मी सोसायटीच्या ऑफिसात, मालमत्ता कराच्या फाइलमागे ठेवली आहे. कपाटाची चावी मॅनेजरकडे मिळते, सकाळी दहा ते एक.