मद्य, बर्फ आणि खडेमीठ

बर्फात मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरगुती आइस्क्रीम आणि इटालियन जिलेटो यांचा इतिहास याच गुणधर्मावर उभा आहे.

नेपल्सच्या जिआंबत्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बर्फ आणि सोरा (मिठासारखाच एक क्षार) यांत बाटली फिरवून वाइन गोठवण्याची रीत सांगितली. वाइन लवकर गोठावी म्हणून तीत थोडे पाणी घालावे, असेही त्याने लिहिले. त्याच सुमाराच्या ‘आइन-इ-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची नोंद आहे. पुढे इटलीत अंड्याचे बलक, साखर आणि सिसिलीची मार्साला वाइन यांचे ‘झाबायोने’ नावाचे मिश्रण गोठवून जिलेटो होऊ लागले. जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने १७७३ पासून मार्सालाची निर्यात वाढवली होती.

भारतात अडचण बर्फाची होती. फ्रेडरिक ट्यूडर याचे बोस्टनहून निघालेले बर्फाचे जहाज १८३३ साली कलकत्त्याला पोचले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले. यजमान व पाहुण्यांना सर्दी झाल्याचे ‘मुंबई समाचार’ने छापले. हा बर्फ बंदरांच्या शहरांपुरताच राहिला. रायपूरसारख्या आतल्या गावांना यंत्रावर तयार होणाऱ्या बर्फाची आणि १८८०च्या दशकाअखेर आलेल्या रेल्वेची वाट पाहावी लागली.

विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गीय घरांत आइस्क्रीमचे पॉट आले: लाकडी बादली, आत धातूचा डबा, फिरवायला दांडा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. अंडे न खाणाऱ्या घरांत बलकाची जागा मक्याच्या पिठाच्या कस्टर्ड पावडरीने घेतली. ती अल्फ्रेड बर्ड याने १८३७ साली इंग्लंडमध्ये तयार केली होती.

मद्य घालताना मात्र पोर्ताचाच हिशेब लागतो: मद्यार्क जितका कमी, तितके गोठणे सोपे. बारा टक्के मद्यार्काची वाइन उणे ५ अंशांच्या आसपास गोठू लागते. चाळीस टक्क्यांच्या रमला उणे २७ अंश लागतात, आणि तेवढी थंडी पॉटमध्ये मिळत नाही. म्हणून वाइन आधी आटवून घेतात आणि कडक मद्य शेवटी, चमच्या-दोन चमच्यांनीच घालतात. जास्त झाले तर जिलेटो सैल राहते. गोव्याची फेणी किंवा छत्तीसगडची मोहाची दारू वापरली तरी हे प्रमाण मद्यार्काच्या टक्क्यांवरूनच ठरते.