खराब्यातला रहिवासी

वेंगुर्ल्याचे बंदर १८१२ साली सावंतवाडी संस्थानाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेले, आणि तेथे उतरणारा माल बेळगावच्या छावणीस बिनधोक पोहोचावा म्हणून एकोणिसाव्या शतकात आंबोलीच्या घाटाचा रस्ता सिद्ध झाला. पुढे सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांच्या ते स्थान मनात भरल्यामुळे घाटमाथ्यावर थंड हवेचे ठिकाणही वसले. हा सारा वृत्तान्त दप्तरी आहे. परंतु ज्या जमिनीत नांगर चालत नाही आणि जिच्यावर सारा बसत नाही, ती महसुली हिशेबात 'खराबा' ठरते. तेव्हा जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर कोण नांदत होते, याची विचारपूस करण्याचे प्रयोजन कोणत्याही अव्वल कारकुनास पडले नसावे.

तेथे नांदत होता तो जेमतेम अंगठ्याएवढा, कुशीवर वाघाच्या कातड्याची आठवण देणारे पिवळे डाग मिरवणारा एक भेक. मृगाच्या पहिल्या सरींनी सड्याच्या खळग्यांत चार बोटे पाणी साचले की नर काठाशी जमून साद घालू लागतात, आणि इतर बहुतेक भेकांच्या माद्या अंड्यांच्या लांबच लांब माळा सोडतात तशा न सोडता ही मादी त्या उथळ पाण्यातच अंड्यांचा लहानसा पुंजका घालते. पावसाने आठ दिवस उघाड दिली तर डबके आटते व त्यातील संतती नष्ट होते. म्हणून पाय फुटेपर्यंतचा सारा प्रपंच भैरमाशांना घाईघाईने उरकावा लागतो.

याचा सह्याद्रीतला भाऊबंद शास्त्रास आधी ठाऊक झाला. कोयनेच्या धरणाचे काम चालू होते त्या काळात, १९६३ साली, सोमण यांनी सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आंबोलीच्या भेकास मात्र २००९ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'झँथोफ्रायनी टायगेरिना' हे नाव देऊन दोघांसाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. पुढे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली, आणि ते यथार्थच आहे, कारण त्याचा वावर आंबोलीच्या आसपासच्या अल्पशा मुलखापुरताच आहे. त्यातही त्याच्या विणीचा आणि धबधब्यांकडे लोटणाऱ्या मोटारींचा हंगाम एकच पडतो. राखीव जंगलाची हद्द आखून वाघाचे रक्षण थोडेफार साधते. पण येथे राखायचे आहे ते रस्त्याकडेचे, थोडेच दिवस टिकणारे डबके, आणि त्यासाठी चौकीदार नेमण्याची तरतूद कोणत्याच खात्यापाशी नाही.