केडगावची कबुली

खांदा कॉलनीतल्या आमच्या संगतीला ना घंटा, ना मनोरा. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट, रविवारी दाराबाहेर चपलांचा ढीग आणि खालच्या रिक्षांच्या आवाजात चाललेली उपासना, एवढाच काय तो पसारा. मागच्या महिन्यात प्रभुभोजनाआधी पापकबुलीसाठी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एका तरुणाची तेवढी वर राहिली. चहाच्या वेळी तो म्हणाला, "काका, वधस्तंभावर सगळं फिटलं ना? मग दर रविवारी तेच काय उगाळायचं? हा अविश्वासच नाही का?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. त्याला मी केडगावच्या मुक्ती मिशनची वाटचाल सांगितली. विश्वासी माणसाची कबुली म्हणजे काय, हे मला त्या संस्थेकडे पाहूनच समजलं आहे.

मुक्ती उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पुढे त्यांचे खटके उडाले ते चर्चच्या अधिकारावरून. पुरोहितांचं जू नुकतंच उतरवलेल्या मानेवर त्या दुसरं जू घेणार नव्हत्या. कबुलीसाठी कुणा मध्यस्थाकडे जाणारी ही बाई नव्हे. आणि तिच्याच संस्थेचं नाव जगभर झालं ते पापकबुलीमुळे! हे मला नेहमी गमतीचं वाटत आलं आहे.

रमाबाईंची पहिली संस्था, शारदा सदन, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्याला गेली. त्याच सुमारास पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण गाजत होतं. त्या एका पेल्यापायी न्यायमूर्ती रानड्यांना १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आपल्याकडे पाप म्हटलं की अजून तेच डोळ्यांपुढे येतं: दंड भरा, शुद्ध व्हा, मोकळे व्हा. तरुणाच्या प्रश्नामागेही नकळत हाच हिशेब होता. दंड ख्रिस्ताने भरला, मग आपण कशाला बोलायचं?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि दौंडच्या वाटेवरच्या केडगावला मुक्ती सदन वसलं. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. जूनअखेरच्या एका पहाटे एका मुलीला आत्म्याच्या आगीचा अनुभव आला. शेजारच्या मुलीला ती खरीच पेटलेली दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, असं सांगतात. ३० जूनला रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शांतपणे शिकवत होत्या. बघता बघता सगळ्या मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे वर्ग बाजूला राहिले आणि पापं कबूल करणं चालू राहिलं.

यातल्या अनेकींचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. त्या ख्रिस्ती होण्यासाठी रडत नव्हत्या, होत्या म्हणून रडत होत्या. स्वतः रमाबाईंनी लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना ख्रिस्त भेटला. तोवर हाती होता तो नुसता ख्रिस्ती धर्म. योहान आपल्या पहिल्या पत्रात कबुलीविषयी लिहितो तेव्हा 'तुम्ही' म्हणत नाही, 'आपण' म्हणतो. स्वतः प्रेषित असून त्या रांगेत उभा राहतो. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पेत्राला सांगतो की ज्याची आंघोळ झाली आहे त्याला फक्त पाय धुवायचे असतात. पावसाळ्यात खांदेश्वर स्टेशनवरून चालत आलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घर त्याचंच असतं, तरी चिखलाचे पाय घेऊन तो आत येत नाही.

मुक्तीत पुढे गाजावाजा ओसरला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी जाईपर्यंत त्यातच होत्या. संस्था आजही चालू आहे.

तरुणाला हे सगळं ऐटीत सांगून झालं आणि माझं मलाच अवघडल्यासारखं झालं. संगतीच्या दानाची वही माझ्याकडे असते. पावसाळ्याआधी घरच्या अडचणीत मी त्यातले बाराशे रुपये वापरले, आठ दिवसांत परत ठेवले. पेटी बरोबर, वही बरोबर, नुकसान कुणाचंच नाही. देवाला तर मी चार वेळा सांगून झालो होतो. पण ती वही दर रविवारी तपासायला ज्यांच्या हातात देतो, त्या मावशींच्या डोळ्यांकडे बघणं मी तेव्हापासून टाळत होतो. याकोब आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करायला का सांगतो, ते मला त्या बाराशे रुपयांनी शिकवलं.

गेल्या रविवारी वहीत दोन ओळी वाढवल्या, घेतले आणि ठेवले अशा. तारखा खऱ्या घातल्या आणि वही मावशींपुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही ओळी वाचल्या, खाली सही केली आणि म्हणाल्या, "चहा घे, निवतोय."