कोण कुठे बसलं

इंदूरच्या भंवरकुआं चौकात उभं राहिलं की चारी बाजूंना शिकवण्यांचे फलक दिसतात. जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावरचा हा चौक आता मध्य प्रदेशभरातून आलेल्या विद्यार्थ्यांचा झाला आहे. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि शेवटी मुलाखत. मुलाखतीच्या वर्गात देहबोली शिकवतात: दार कसं लोटायचं, पाठ खुर्चीला किती टेकवायची, हात कुठे ठेवायचे. मी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला, म्हणून यातली काही मुलं सरावासाठी माझ्याकडे येतात. लोकसेवा आयोगाचं कार्यालय इथून फार लांब नाही, रेसिडेन्सी भागात आहे. मुलांना मी सांगते, त्याच रेसिडेन्सीत होळकरांशी व्यवहार करायला इंग्रजांचा वकील बसत असे. कोणी कुठे बसायचं, कोणी आधी उठायचं, या गोष्टींवर माळव्यात मोठमोठे व्यवहार ठरले आहेत.

मल्हारराव होळकर १७६६ मध्ये आलमपूरला वारले आणि पुढच्याच वर्षी नातू मालेरावही गेले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड, म्हणजे गंगोबा तात्या, यांचा मनसुबा असा की एखादं लहान मूल दत्तक घ्यावं, कारभार आपल्या हाती ठेवावा आणि त्या बदल्यात पेशव्यांचे काका राघोबादादा यांना मोठा नजराणा द्यावा. राघोबा फौजेसह माळव्यात आले. मालेरावांच्या आई अहिल्याबाई यांनी काय केलं, ते पन्नास वर्षांनी कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून टिपून ठेवलं. आपल्या आवडत्या हत्तीच्या हौद्याला चारी कोपऱ्यांवर धनुष्यं आणि बाणांचे भाते बांधून घेतले. विधवा बाई पडद्याआड बसून वकिलामार्फत विनंत्या करील, अशा हिशेबाने आलेल्या माणसाला हे चित्र दिसलं. पण नुसतं चित्र नव्हतं. त्याच सुमारास शेजारच्या सरदारांना पत्रं गेली होती, महादजी शिंदे आणि जानोजी भोसले राघोबाच्या बाजूने उतरायला तयार नव्हते, आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांचा कौलही बाईंच्या बाजूने होता. परंपरा सांगते की क्षिप्रेच्या काठी तुकोजी होळकर फौज घेऊन उभे राहिले, तेव्हा राघोबांनी आपण मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो आहोत असं कळवलं आणि पालखीतून मोजक्या माणसांनिशी भेटीला आले. फौज मागे ठेवून पालखीत बसणं हाच त्यांचा माघारीचा कबुलीजबाब होता. बाईंनी त्यांना तशीच वाट मोकळी ठेवली. पुढे अहिल्याबाई रोज उघड्या दरबारात बसून काम पाहत, हेही माल्कमनेच नोंदवलं आहे, आणि माझ्या मते त्या हौद्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

आता पुण्याची गोष्ट. तिच्यावर मी जास्त वेळ घालवते, कारण मुलं ती चुकीची वाचतात.

जून १७९२. महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले. दिल्लीचा बादशहा त्यांच्या मुठीत होता, सॅव्हॉयचा सेनापती द बॉइन याने कवायती पलटणी उभ्या करून दिल्या होत्या. बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हा किताब आणला होता, आणि त्या पदाचं नायबपण स्वतःसाठी. समोर अठरा वर्षांचे पेशवे सवाई माधवराव आणि त्यांच्या मागे कारभारी नाना फडणवीस. सांगतात की महादजी छावणीच्या अलीकडेच हत्तीवरून उतरले, दरबारात सगळ्या जुन्या मानकऱ्यांच्या खाली उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मग काखेतलं गाठोडं सोडून पायपोसांचा नवा जोड काढला, पेशव्यांच्या पुढ्यात ठेवला, जुना जोड उचलून काखेत धरला आणि म्हणाले, हे माझ्या वडिलांचं काम, तेच माझं. राणोजी शिंदे बाजीरावांचे पायपोस सांभाळत, ही आठवण सगळ्या दरबाराला होती.

मुलं म्हणतात, मॅडम, किती नम्र माणूस! मी त्यांना थांबवते. त्या दरबारात ज्याच्याकडे सर्वात जास्त फौज होती, तोच माणूस सर्वात खाली उभा होता. पुण्याच्या मानकऱ्यांना शिंद्यांचं वाढलेलं बळ सलत होतं, बादशाही किताब पेशव्यांनी घ्यावा का यावरही कुरबूर होती. महादजींनी कोणाशी वाद घातला नाही. आपण नवे नाही, घरचे जुने चाकर आहोत, एवढं देहाने सांगितलं. घरच्या जुन्या चाकराला धन्याच्या पोराजवळ जाण्यापासून कोण अडवणार? तरुण पेशव्यांपर्यंत पोचण्याची वाट नानांच्या हातून काढून घेण्यासाठीच ते खाली उभे राहिले, असं मी समजते. नानांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी लढा हिशेबाच्या वहीवर नेला: हिंदुस्थानच्या मुलखाचा वसूल किती, खर्च किती, सरकारात काय जमा केलं. महादजींचं म्हणणं उलट, की सरकारकडूनच आपलं येणं आहे.

इंदूरच्या माणसाने इथे एक तारीख जोडून वाचावी. महादजी पुण्यात पायपोस काखेत घेऊन वावरत होते, त्याच काळात, १७९३ मध्ये, त्यांच्या पलटणींनी राजस्थानात लाखेरीला तुकोजी होळकरांच्या फौजेचा चक्काचूर केला. पुण्यातली लवलेली मान आणि लाखेरीच्या तोफा या एकाच माणसाच्या होत्या. कोणाची मान लवलेली दिसली की त्याची फौज कुठे आहे ते आधी विचारावं. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले आणि तो हिशेब अर्धवटच राहिला.

ज्याच्या मागे फौजच उरलेली नाही त्याने कसं बसावं? हा प्रश्न होळकरांना २१ डिसेंबर १८१७ रोजी पडला. महिदपूरला होळकरांची फौज मोडली. आदल्याच दिवशी आपल्याच फौजेतल्या लोकांनी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना ठार केलं होतं. गादीवर अकरा वर्षांचे मल्हारराव दुसरे. इंग्रजांशी बोलायला पुढे आले तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. पेढीवरचा माणूस. लढाईआधी समेटाच्या बाजूचा म्हणून त्यांनाच फौजेने कैदेत टाकलं होतं. समोर जॉन माल्कम, फारशी उत्तम जाणणारा, माणसं ओळखण्यात मुरलेला. लढाईपासून सोळाव्या दिवशी, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसौरला तह झाला. गेलं ते थोडं नव्हतं: सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख, राजपूत संस्थानांवरचे हक्क, आणि पठाण सरदार गफूरखानासाठी जावरा. पण महाराजांचे नातेवाईक, नोकर, प्रजा यांच्याशी कंपनीचा संबंध नाही, त्यांच्यावर महाराजांचाच पूर्ण अधिकार, हे कलम तहात आलं. उपाशी सैन्य आणि जळलेली खेडी यांच्या जोरावर याहून जास्त मागता आलं नसतं. वाघाचं सोंग न घेता सावकारासारखं बसून, बुडीत खात्यातून वाचेल ते वाचवणारा हा माणूस मला आपल्या इतिहासातला फार मोठा वाटाघाटी करणारा वाटतो. त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली.

नंतरच्या काळात बसण्या-उठण्याची भाषा इंग्रजांनी आकड्यांत बांधली. होळकरांना १९ तोफांची सलामी, स्वतःच्या हद्दीत २१. तरीही देह बोलायचा राहिला नाही. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी पंचम जॉर्जपुढे जेमतेम लवून पाठ फिरवली, तेव्हा त्याची चित्रफीत पाहून इंग्रज चिडले.

आणि भंवरकुआंचं स्वतःचं? २०२१ पासून या चौकाला इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या टंट्या मामा भिल्ल यांचं नाव आहे. निमाडात सांगतात की १८८९ मध्ये माफी मिळवून देण्याच्या आशेवर, राखीच्या निमित्ताने, गणपत नावाच्या माणसाने टंट्यांना आपल्या घरी बोलावलं आणि तिथेच ते पकडले गेले. भेटीची जागा दुसऱ्याने ठरवलेली होती, शस्त्रं उंबऱ्याबाहेर राहिली होती. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला त्यांना फाशी झाली. मुलाखतीच्या वर्गात हा धडा नसतो, आणि चौकाला ज्यांचं नाव दिलं त्यांची एवढी गोष्ट तरी तिथे सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

इंदूरच्या मराठी घरांत अजूनही मोडीतले कागद पेटाऱ्यांत आहेत. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी छापलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ पाहिली की कळतं, जुने बातमीदार दरबारात बोललेलं आणि न बोललेलं किती बारकाईने धन्याला कळवत असत. तुमच्या घरी असा पेटारा असेल तर तो रद्दीत घालू नका, मोडी वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवा.